तोंड दाखवून बोला

१

काचेच्या पेटीला कुलूप होतं. कुलूप शाबूत होतं, काचेला तडा नव्हता, आतली जांभळी मखमलही जागच्या जागी होती. फक्त मखमलीत वीतभर लांबीचा जो खळगा होता, तो रिकामा होता.

"नळी गेली, शकूताई!" तौफिक बागवान फोनवर ओरडला.

शकू पोकळे तेव्हा धायरीतल्या आपल्या घरी गवार मोडत बसली होती. पोलीस खात्यातून निवृत्त झाल्यापासून तिला असे फोन अधूनमधून येत. कुणाचं मंगळसूत्र, कुणाची सून, कुणाचा कुत्रा.

"कुठली नळी? पाण्याची का मटणातली?"

"चेष्टा करू नका हो. फुप्पीची नळी! उद्या मंडईत अमृतमहोत्सवी सत्कार आहे आणि आज पेटी रिकामी. चोर कोण तेही मला माहितीये. तुम्ही येताय, का मी सरळ चौकीत जाऊ?"

"जाऊ नकोस. मी आलेच," शकू म्हणाली. गवार तशीच ताटात राहिली.

तौफिकची फुप्पी, म्हणजे आत्या, डॉक्टर बागवानबाई. त्यांची नळी म्हणजे काय, हे जुन्या पुण्यात कुणाला सांगावं लागत नसे. शिसवी लाकडाची ती नळी एका टोकाला कर्ण्यासारखी पसरट होती आणि दुसऱ्या टोकाला कान टेकवायला चकती होती. पसरट टोक गरोदर बाईच्या पोटावर ठेवायचं, चकतीला कान लावायचा आणि आतल्या बाळाचं हृदय ऐकायचं. मंडईतल्या फळवाल्या बागवानांची मेहजबीन डॉक्टर झाली आणि गाळ्याच्या वरच्या खोलीत तिने दवाखाना थाटला, तेव्हापासून ही नळी तिच्या हातात होती. तिची एक खास लकब होती. कान नळीला लावला की ती दुसऱ्या हाताने आईचा तळवा धरायची आणि आतलं हृदय जसं पडेल तसं त्या तळव्यावर बोटाने ठकठक करायची. आईलाही कळायला नको का, असं तिचं म्हणणं.

शकूला ती ठकठक चांगली ठाऊक होती. रविराजच्या वेळी पोटातली हालचाल थांबली होती आणि धायरीतल्या जाणत्या बायकांनी माना हलवल्या होत्या. बाई बराच वेळ कान लावून बसल्या. शकू छताकडे बघत होती. मग तळव्यावर एक बोट हललं, पुन्हा हललं आणि हलतच राहिलं. तो रविराज आता बापापेक्षा उंच झाला होता आणि आईला अक्कल शिकवत होता.

बाईंच्या पहिल्या निवडणुकीतही नळीनेच हात दिला. मंडईतल्या सभेत एका बाईला भोवळ आली. डॉक्टरबाईंनी भाषण सोडून तिथेच तिच्या पोटाला नळी लावली. गर्दीतून कुणीतरी खवचटपणे विचारलं, "काय म्हणतंय बाळ?" बाई म्हणाल्या, "म्हणतंय, नळाला पाणी आल्याशिवाय मी बाहेर येत नाही." सभा हसली आणि मतं पडली. मग नगरसेविका, स्थायी समितीच्या अध्यक्षा, एकदा राज्यात आरोग्य राज्यमंत्री. प्रत्येक नवजात बाळाचे कान तपासा, असा हट्ट त्यांनी मंत्रिपदावर धरला तो तडीस नेला. आता त्या माता-बाल आरोग्य मंडळाच्या अध्यक्षा होत्या.

अलीकडे त्यांचं एक वाक्य फार गाजत होतं. कुणी मान खाली घालून पुटपुटलं, मास्क लावून आलं, की बाई टेबलावर हात आपटायच्या. "तोंड दाखवून बोला!" अधिकारी चळाचळा कापायचे. तौफिकने तर ते वाक्य सत्काराच्या फलकांवर भल्या मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं होतं.

कोथरूडमधल्या बाईंच्या फ्लॅटवर शकू पोचली तेव्हा हॉलमध्ये तौफिक येरझाऱ्या घालत होता. भिंतीजवळ बाईंच्या हाताखालची डॉ. तनुजा गोरीमोरी होऊन उभी होती.

"पेटीच्या दोन किल्ल्या आहेत," तौफिक दबक्या आवाजात पण तावातावाने म्हणाला. "एक फुप्पीच्या पर्समध्ये आणि एक हिच्याकडे. फुप्पी स्वतःच्या घरात चोरी करणार नाही. मग उरलं कोण?"

आणि आतल्या खोलीतून स्वतः बागवानबाई बाहेर आल्या. शकूला बघून त्यांचा चेहरा खुलायला हवा होता. तो उतरला.

"शकू? तुला कुणी बोलावलं?"

२

बाईंनी शकूला शेजारी बसवलं, पाणी दिलं, रविराजची चौकशी केली. सगळं नेहमीसारखं होतं, पण नजर शकूच्या तोंडावरून हलत नव्हती. दुसऱ्या कुणी असं रोखून बघितलं असतं तर शकूने त्याला चौकीत बसवलं असतं.

"बाई, शेवटची कधी बघितलीत नळी?"

"परवा. तरन्नुम आली होती तपासायला." तरन्नुम म्हणजे तौफिकची बायको, दिवस भरत आलेली. "तपासली आणि ठेवली परत. अगं, सापडेल. एवढं काय त्यात? लाकूडच ते."

शकू उठली आणि पेटीपाशी जाऊन वाकली. कुलपावर ओरखडा नव्हता. "किल्ली नीट फिरलीये," तिने कुलपाकडे बघतच विचारलं. "तुमची किल्ली बघू देता का?"

उत्तर आलं नाही. शकूने मान वळवली. बाई शांतपणे तिच्याकडेच बघत होत्या. प्रश्न आवडला नसावा, असं शकूला वाटलं. तिने तो पुन्हा विचारला, तर बाईंनी लगेच पर्समधून किल्ली काढून दिली. किल्ली ठीकठाक होती.

"घरात सगळीकडे शोधलं? माळ्यावर बघितलं का?"

बाई एकदम ताठ झाल्या. "बाळाचं काय बघायचंय? बाळ छान आहे. कुणी सांगितलं तुला काही?"

"माळ्यावर म्हणाले मी. माळ्यावर."

"हां, माळा." बाई हसल्या, पण हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. "कांताबाईला विचार."

शकूच्या मनात पाल चुकचुकली. विषय चोरीचा चालला होता आणि बाईंच्या मनात बाळ होतं. तौफिकच्या बाळाचं काही बरंवाईट तर नव्हतं?

"मी तक्रार करणार नाहीये," बाई निक्षून म्हणाल्या. "तू जेवून जा, आमरस आहे." आणि त्या गॅलरीत मोगऱ्याच्या कुंड्यांकडे निघून गेल्या.

त्यांच्या पाठीमागे तौफिक पाठमोरा उभा राहून फोनवर कुणाला तरी सांगत होता, "नाही नाही, ती डॉक्टरीणच. तनुजा. संध्याकाळपर्यंत नळी मिळाली नाही तर मी तिच्यावर चोरीची तक्रार देणार."

फ्लॅटभर ऐकू जाईल असा त्याचा आवाज होता. बाईंनी मागे वळूनही बघितलं नाही. तनुजा ही त्यांची सगळ्यात लाडकी शिष्या, हातात नळी धरायला बाईंनीच शिकवलेली. आणि तिची अब्रू अशी वेशीवर टांगली जात असताना बाई मोगऱ्याची पिवळी पानं खुडत होत्या.

शकूला पहिल्यांदाच बाईंचा राग आला.

३

रणजित हा बाईंचा स्वीय सहायक. कपाळावर कायमची आठी आणि खिशाला तीन रंगांची पेनं. शकूने त्याला जेवणाच्या टेबलाशी गाठलं.

"नळीचं मला काही माहीत नाही," तो म्हणाला. "मला फक्त टंकलेखन माहीत आहे. मॅडमना हल्ली सगळं लेखी लागतं. फोन घेत नाहीत. मेसेज करा, निवेदन द्या, टिपण द्या. मंत्री असताना एवढे कागद नव्हते."

"तापट झाल्यात का?"

"तापट नाही हो, विनोदी झाल्यात. बैठकीत गंभीर चेहऱ्याने असा काही टोला हाणतात की समोरचा गार. मागच्या महिन्यात एका सरकारी दवाखान्याचे अधीक्षक आले होते. म्हणाले, मॅडम, आम्हाला पंप हवाय, वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही. मॅडम म्हणाल्या, 'अग्निशामक दलाशी बोलते, बंब पाठवतील.' सगळे खो खो हसले. अधीक्षकांचं तोंड एवढंसं झालं. आठवड्यात पंप मंजूर केला ते सोडा, पण टोमणा जिव्हारी लागला त्यांच्या."

"आणि त्या हसल्या?"

रणजितने आठवून बघितलं. "नाही. सगळे का हसतायत असं बघत होत्या. मुरलेल्या राजकारणी आहेत, चेहऱ्यावर काही दाखवत नाहीत."

शकूने मान डोलावली आणि तनुजाकडे वळली. तनुजा खुर्चीच्या कडेवर, उठून जायच्या बेतात असल्यासारखी बसली होती. तिने तिची किल्ली आपणहून टेबलावर ठेवली. नर्सिंगच्या मुलींना शिकवताना ती नळी घेऊन जायची, म्हणून बाईंनीच तिला किल्ली दिली होती.

"मी आठवडाभर पेटीला हात लावलेला नाही. पण कुणी विश्वास ठेवणार नाही, मला कळतंय." तनुजा म्हणाली. "तौफिकभाईंना भीती वाटतेय की उद्या मॅडम नळी माझ्या हातात देतील आणि पुढच्या निवडणुकीचं नाव माझं होईल. ताई, मला कुठलीही निवडणूक लढवायची नाही. पण चोर हे नाव एकदा लागलं ना, तर उद्या कुठली बाई माझ्यासमोर विश्वासाने आडवी होईल?"

"बाईंना सांगितलंस का हे?"

"त्या बघतायत की सगळं. त्यांच्यासमोरच तर चाललंय. त्या एका शब्दाने थांबवू शकल्या असत्या." तिने डोळे पुसले. "त्यांनाही वाटत असेल मीच घेतली."

शकूने तिला रडू दिलं. मग हळूच विचारलं, "तरन्नुमचं बाळ बरं आहे ना गं?"

तनुजाने आश्चर्याने वर बघितलं. "एकदम ठणठणीत. का? परवा मॅडमनी तिला तातडीने माझ्याकडे पाठवलं होतं, मशीनवर बघ म्हणून. मला नवलच वाटलं. मशीन काय कुणीही वाचेल, कान लागतात, असं आम्हाला ऐकवणारी बाई. मी सोनोग्राफी केली, ठोके ऐकले. सगळं छान. मॅडमना मेसेज केला तर त्यांचं उत्तर आलं, 'अल्लाचे आभार'. एवढंच."

म्हणजे बाळ ठीक होतं, तरी बाई घाबरल्या होत्या. नळीने असं काय सांगितलं होतं त्यांना, की मशीनची साक्ष काढावी लागली?

४

स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि शकूला वास आला. गोड, आंबूस, नाकात बसणारा.

"कांताबाई, काय नासलंय?"

कांताबाई पूर्वी बाईंच्या दवाखान्यात आया होत्या, आता या घराचा स्वयंपाक बघायच्या. त्यांनी शरमून पदर तोंडाला लावला. "आंबा हाय वो, ताई. बाईंच्या खोलीत पलंगाखाली अढी घातलीय. एक-दोन फळं गेली असतील आतली."

"आणि तुम्ही काढली नाहीत? बागवानांच्या घरात आंबा नासतोय?"

"तेच तर! माझा जीव तुटतोय. एरवी बाई रोज सकाळी स्वतः गवत उकलून एकेक फळ हातात घेऊन बघतात. मंत्री असताना मुंबईहून फोन करायच्या, अढी बघितली का म्हणून. आणि आता परवापास्नं सांगितलंय, अढीला कुणी हात लावायचा न्हाई. स्वतःपण उकलत न्हाईत."

मंडईत चार पिढ्या फळं विकणाऱ्या घरातली बाई पलंगाखाली आंबा नासू देते, आणि तिला त्याचा वास येत नाही असं नाही. म्हणजे त्या गवतात असं काही आहे की ज्यापुढे आंबा गेला तरी चालेल.

नळी कुठे आहे ते शकूला कळलं. कुणी ठेवली तेही कळलं. दोन किल्ल्यांपैकी एक बाईंच्या पर्समध्ये होती, आणि माणूस स्वतःच्या घरात चोरी करणार नाही हे फक्त तौफिकचं म्हणणं होतं. पण का?

तेवढ्यात तरन्नुम आत आली. पोट सांभाळत खुर्चीवर बसली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "शकूताई, तुम्हाला एक विचारू? फुप्पी माझ्यापासून काही लपवतायत का? परवा त्यांनी नळी लावली. माझा हात धरला. मी वाट बघत होते ठकठक करतील म्हणून. त्यांनी केलीच नाही. किती वेळ कान लावून बसल्या, मग नळी सरकवली, पुन्हा लावली. चेहरा पांढरा पडला होता. मग म्हणाल्या, छान आहे. आणि तनुजाताईंकडे पाठवलं. तिथे ठोके मी स्वतः ऐकले. मग फुप्पीने का नाही..."

"उद्याच्या कार्यक्रमाचं तौफिकने बाईंना कधी सांगितलं?"

"त्याच संध्याकाळी. स्टेजवर फुप्पी माझ्या पोटाला नळी लावणार आणि बाळ काय म्हणतंय ते सांगणार. जुन्या सभेसारखं. ते खूश होऊन सांगत होते. फुप्पी काहीच बोलल्या नाहीत."

शकूने ओट्यावरची स्टीलची परात उचलली आणि तोंडासमोर धरली. कांताबाई आणि तरन्नुम एकमेकींकडे बघायला लागल्या.

"पंप," शकू परातीला आवाज न करता म्हणाली. "बंब." ओठ मिटले, उघडले, मिटले. दोन्ही वेळा सारखेच. "माळ्यावर. बाळावर." तेही सारखेच.

तोंड दाखवून बोला.

शकूने परात खाली ठेवली. सगळं पुणं ज्या वाक्याला टाळ्या वाजवत होतं ते वाक्य तिला आता निराळंच ऐकू आलं.

५

गॅलरीत बाई अजून मोगऱ्यापाशीच होत्या. पाठ दाराकडे. समोरच्या गुलमोहरावर कोकिळा जीव तोडून ओरडत होती.

शकू उंबऱ्यावर उभी राहिली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "बाई, तुमच्या पाठीमागे साप आहे."

बाईंनी एक पिवळं पान खुडलं, दुसरं खुडलं आणि कुंडीत टाकलं.

शकू पुढे गेली, वळसा घालून त्यांच्या समोर आली आणि जमिनीवर बसली. मग चेहरा वर करून सावकाश म्हणाली, "बाई, कधीपासून ऐकू येत नाही?"

बाई तिच्या ओठांकडे बघत राहिल्या.

"आधी कोकिळा गेली," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, यंदा आली नसेल. मग दारावरची बेल गेली. मग रणजित नुसताच ओठ हलवायला लागला. कानाशी येऊन मोठ्याने बोललं तर थोडं येतं अजून, एका कानाने. बाकीचं ओठांवरून ओळखते. मास्कवाले आले की संपलं सगळं. मग ओरडायची, तोंड दाखवून बोला. लोक म्हणाले, बाई काय करारी आहे!" त्यांना हसू फुटलं आणि त्याच हसण्यात डोळे भरले. "राज्यातल्या प्रत्येक पोराचे कान तपासायला लावले मी. आणि स्वतःचे दाखवायला मला लाज वाटली."

"आणि परवा?"

"परवा तरन्नुमला नळी लावली. शकू, आत काहीच नव्हतं. नुसती शांतता. मला वाटलं, बाळ गेलं. माझ्या तौफिकचं बाळ. हात धरलाय पोरीचा आणि बोट हलत नाहीये. मग डोकं ठिकाणावर आलं की बाळ गेलं नसेल, माझे कानच गेले असतील. तनुजाचा मेसेज येईपर्यंत मी नमाजाच्या चटईवरून उठले नाही." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "तरन्नुम म्हणजे सूर. भावाने त्या नावाची सून घरात आणली आणि मलाच सूर ऐकू येईना. आणि संध्याकाळी तौफिक सांगत आला, स्टेजवर नळी लावायची. काय सांगणार होते मी त्या पोराला? म्हटलं, नळीच नसली तर लावायची काय?"

"म्हणून अढीत घातलीत."

बाई चमकल्या. "तुला कसं कळलं?"

"बाई, बागवानांच्या घरात आंबा नासतोय. धायरीच्या बाईला एवढं तर कळेल."

"मला वाटलं होतं, दोन दिवस शोधतील, गप्प बसतील. कुणाचं काही बिघडणार नव्हतं."

शकूने त्यांचा हात हातात घेतला. "बाई, तनुजाचं बिघडलं."

"तनुजाचं काय?"

"तौफिक तिला चोर म्हणतोय. सकाळपासून. संध्याकाळी चौकीत तिचं नाव देणार आहे."

बाईंनी ते शब्द शकूच्या ओठांवरून वाचले, आणि खात्री करायला तिला पुन्हा एकदा म्हणायला लावले. "माझ्या घरात? माझ्या तनुजाला? कधी म्हणाला?"

"तुमच्यासमोरच. पाठमोरा उभा राहून."

"आणि ती?"

"तिला वाटतंय, तुम्हालाही तसंच वाटतं. तुम्ही तोंडातून शब्द काढला नाहीत ना."

बाई उठल्या. शकूने एवढ्या वर्षांत त्यांना लेबररूममध्ये धावताना बघितलं होतं, पण असं कधी नाही. त्या आतल्या खोलीत गेल्या, गुडघ्यांवर बसल्या, पलंगाखालून अढी ओढली आणि गवत उपसायला लागल्या. काळा पडलेला एक आंबा हातात फुटला. त्यांनी तो बाजूला फेकला आणि रसाने माखलेली नळी बाहेर काढली.

मग तशाच, हातात नळी आणि केसांत गवत, त्या हॉलमध्ये जाऊन उभ्या राहिल्या.

"तौफिक! इकडे तोंड कर."

६

त्यानंतर हॉलमध्ये जे झालं त्यात बोलणं कमी आणि रडणं जास्त होतं. तौफिकने तनुजाचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. तनुजा बाईंना एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होती, आणि दरवेळी रडताना तोंड झाकून घेत होती, त्यामुळे बाईंना ते शेवटपर्यंत कळलं नाही. रणजित पंप आणि बंब आठवून कपाळाला हात लावून बसला.

"आता उद्या काय करायचं?" तौफिकने विचारलं. यावेळी समोर येऊन, वाकून, सावकाश. "तो नळीचा भाग रद्द करतो, फुप्पी. कुणाला काही कळणार नाही."

बाईंनी शकूकडे बघितलं. अध्यक्षपद होतं, पुढे राज्याच्या समितीवर नाव जायचं होतं, आणि बहिरी बाई ऐकणार कुणाचं, असं विचारायला विरोधक टपलेले होते. हे शकूला ठाऊक होतं, बाईंनाही ठाऊक होतं.

"काही रद्द करू नकोस," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मंडईच्या चौकात मांडव गच्च भरला. आंब्याच्या पेट्यांवर बसलेले गाळेवाले, बाईंच्या हातची बाळंतपणं झालेल्या बायका आणि त्या बाळंतपणांतून आलेली आता दाढीमिशा फुटलेली माणसं. शकू पहिल्या रांगेत होती, शेजारी रविराज. फलकावर भलं मोठं लिहिलेलं होतं, तोंड दाखवून बोला.

बाई माईकपाशी आल्या. फलकाकडे बोट दाखवलं.

"हे वाक्य तुम्ही माझं म्हणून रंगवलंत. खोटं सांगणार नाही, मला बरं वाटलं. पण ते काही मी निर्भीडपणे म्हणत नव्हते. मला ऐकू येत नव्हतं. तुमच्या ओठांवरून मी ओळखत होते तुम्ही काय म्हणताय ते. कधी ओळखलं, कधी चुकले. एका दवाखान्याने पंप मागितला आणि मी बंब देऊ केला. त्यांची मी माफी मागते. आणि काल या लपवाछपवीपायी माझ्या तनुजाला चोर ठरवलं गेलं. तिची माफी मी सगळ्यांसमोर मागते."

शकूला वाटलं, आता कुणीतरी वाकडं बोलणार. आणि मंडईच ती, बोललंच. मागून एक गाळेवाला पेटीवर उभा राहून ओरडला, "अहो बाई, राजकारणात ऐकू न येणारे ढिगाने आहेत! सांगणाऱ्या तुम्ही पहिल्याच!"

हशाची लाट उठली ती टाळ्यांत मिसळली. बाईंना आवाज किती आला कोण जाणे, पण हसणारी तोंडं त्यांना दिसत होती. त्यांनी शकूकडे बघितलं. तो काय म्हणाला, हे शकूने ओठांनी सावकाश सांगितलं. तेव्हा बाई उशिरा, एकट्या, खळखळून हसल्या, आणि सभा पुन्हा हसली.

मग तरन्नुमला पडद्याआड आरामखुर्चीत बसवलं. बाईंनी नळी पुसली आणि तनुजाच्या हातात दिली. "ही पेटीत ठेवायची नाही. वापरायची."

तनुजाने नळी लावली, कान टेकवला. सवयीने तिने तरन्नुमचा हात धरायला आपला हात पुढे केला, आणि थांबली. मग तिने दुसऱ्या बाजूला बसलेल्या बाईंचा हात ओढून घेतला. बाईंचा तळवा तरन्नुमच्या तळव्याशेजारी ठेवला. तिचं बोट दोघींच्या हातांवर आळीपाळीने पडायला लागलं, भरभर, एकसारखं.

पडद्याच्या फटीतून शकूला फक्त बाईंचा चेहरा दिसत होता. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. ओठ वाचायला त्यांना डोळे लागायचे, इथे लागत नव्हते. शकूचा हात नकळत रविराजच्या मनगटावर गेला. त्याने तो झटकला नाही.

"काय म्हणतंय बाळ?" मांडवातून पुकारा झाला. आधी एकाने केला, मग सगळ्यांनीच. तौफिकने वाकून फुप्पीच्या खांद्याला हात लावला आणि त्यांनी डोळे उघडताच, समोर तोंड धरून, त्यांना तो प्रश्न पोचवला.

बाईंनी हात सोडवून घेतला नाही. तशाच बसून त्यांनी माईक जवळ ओढला.

"म्हणतंय, जरा थांबा. मी तोंड दाखवूनच बोलेन."